‘बोर्ड गेला’ म्हणाले, म्हणून नऊ हजार काढू नका

घणसोलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

“बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून सात चॅनलचा होम थिएटर रिसीव्हर घेतला, त्याला १० वर्षं झाली. पुढे दोन, मध्ये एक, मागे दोन असे पाच स्पीकर आणि एक सबवूफर आहे. यंदा गणपतीआधी घराला रंग दिला, नवं टीव्ही युनिट करून घेतलं आणि माझ्या भावाने सगळं परत जोडून दिलं. तेव्हापासून अर्धा-पाऊण तास चालला की, किंवा सिनेमात एकदम मोठा आवाज आला की, आतून ‘टक्’ होतं, आवाज जातो आणि लाल दिवा लुकलुकत राहतो. थोडा वेळ बंद ठेवला की परत चालतो. पुढचा डावा स्पीकर तर वर्षभर त्रास देतोय. हळू आवाजात मुका असतो आणि आवाज वाढवला की अचानक वाजायला लागतो. शिवाय टीव्हीचा आवाज एचडीएमआयवरून येताना अधूनमधून तुटतो. एका दुकानदाराने झाकणही न उघडता सांगितलं, बोर्ड गेला, नऊ हजार लागतील. मुलाची फी नुकतीच भरलीय, हाताशी पाच हजार आहेत. बाबा म्हणतात, विकून टाक, माझ्यासाठी पैसे घालू नकोस. पण रोज संध्याकाळी नाट्यपदं ते त्याच्यावरच ऐकतात. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर इलेक्ट्रिशियनचं काम केलं. आता नजर कमी झालीय, नाहीतर त्यांनीच बघितलं असतं. दुरुस्त करू की साउंडबार घेऊ?”

ताई, नऊ हजार देऊ नका आणि इतक्यात साउंडबारही घेऊ नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. काय होतं, कधी होतं, कधीपासून होतं हे सगळं तुम्ही लिहिलंय, आणि दुरुस्तीचं निम्मं काम तिथेच होतं. तुमच्या रिसीव्हरच्या या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. मध्येच बंद पडणं ही एक, डावा स्पीकर मुका होणं ही दुसरी आणि एचडीएमआयचा आवाज तुटणं ही तिसरी. एचडीएमआयचा बोर्ड बदलला तरी डावा स्पीकर मुकाच राहील. डाव्याचं काम केलं तरी रिसीव्हर तापून बंद पडायचा तो पडेलच. म्हणून ‘बोर्ड गेला’ या दोन शब्दांत तिन्ही तक्रारी मिटवणाऱ्या माणसाला मी तरी पैसे देणार नाही. कुठला बोर्ड, हे त्याला विचारायला हवं होतं. अशा रिसीव्हरमध्ये चार-पाच बोर्ड सहज असतात.

आधी बंद पडण्याचं बघू, कारण बाबांचं ऐकणं त्यामुळे अडलंय.

ते ‘टक्’ म्हणजे आतल्या रिलेचा, म्हणजे विजेवर उघडझाप होणाऱ्या स्विचचा आवाज. आउटपुटला काही गडबड दिसली, जास्त करंट खेचला गेला किंवा आतलं तापमान चढलं, की रिसीव्हर स्वतःला आणि स्पीकरला वाचवायला रिले सोडतो. याला मेकॅनिक ‘प्रोटेक्टमध्ये गेला’ म्हणतात. तो कधी जातो यावरून पुष्कळ कळतं. आउटपुटचा ट्रान्झिस्टर उडाला असता तर रिसीव्हरने अर्धा तास वाट बघितली नसती, चालू केल्यावर काही सेकंदांतच प्रत्येक वेळी टक् करून बसला असता. तुमचा अर्धा-पाऊण तास चालतो आणि गार झाला की परत चालतो. म्हणजे आतला मुख्य ॲम्प्लिफायर बहुधा धडधाकट आहे. त्याला एक तर उष्णता बाहेर टाकता येत नाहीये, नाहीतर बाहेरच्या वायरीत कुठेतरी अर्धवट शॉर्ट आहे. आणि रंगकाम, नवं युनिट, भावाने केलेली जोडणी हे सगळं एकाच वेळी झालंय. माझा पहिला संशय तिथेच आहे.

लाल दिवा लुकलुकत असताना बटण पुन्हापुन्हा दाबून चालू करायचा प्रयत्न मात्र करू नका. वायरीत खरंच शॉर्ट असेल तर अशा हट्टाने चांगला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो, आणि मग खर्च खरोखर वाढतो.

सुट्टीच्या दिवशी सकाळी, घरात उजेड असताना हे करा. रिसीव्हरचा प्लग भिंतीतून काढा. मागच्या सगळ्या जोडण्यांचे मोबाइलवर दोन-तीन स्पष्ट फोटो घ्या. प्रत्येक स्पीकरच्या वायरीवर कागदी चिकटपट्टी लावून ‘पुढचा डावा’, ‘मधला’ असं लिहा. मग स्पीकरच्या सगळ्या वायरी सोडवा. आता मोबाइलच्या टॉर्चने प्रत्येक टोक नीट बघा. स्पीकरची वायर बारीक तारांची असते. घाईत पिळ न देता टर्मिनलमध्ये खुपसली की केसाएवढी एखादी तार बाहेर राहते आणि शेजारच्या टर्मिनलला किंवा मागच्या पत्र्याला टेकते. हळू आवाजात काही कळत नाही, पण मोठा आवाज आला की तिथूनच करंट पळतो आणि टक् होतं. दुरुस्तीला येणारे कितीतरी रिसीव्हर एवढ्या एका तारेपायी आलेले असतात.

तांबं काळपट किंवा हिरवट झालेलं दिसलं तर आश्चर्य नको. आपल्याकडे खाडीची दमट हवा आणि चार महिने पाऊस, उघडं तांबं टिकत नाही. तेवढं टोक कापून टाका, सेंटीमीटरभर नवीन तार सोला, घट्ट पिळ द्या, मगच टर्मिनलमध्ये घाला. टर्मिनलच्या बाहेर उघडं तांबं अजिबात दिसता कामा नये.

आता एक साधा डिजिटल मल्टिमीटर विकत आणा. पिवळा, खिशात मावणारा, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो बाबांच्या हातात द्या. आकडे तुम्ही वाचून दाखवा, पिन त्यांना लावू द्या. ज्याने आयुष्यभर पॅनेलवर काम केलंय त्याला हे शिकवावं लागणार नाही. रिसीव्हरपासून सोडवलेल्या स्पीकर-वायरीच्या दोन टोकांना मीटरच्या पिना लावा, नॉब ओमच्या २०० वर ठेवा. आठ ओमचा चांगला स्पीकर साधारण साडेपाच ते सातच्या दरम्यान आकडा दाखवतो, सहा ओमचा चार-पाचच्या आसपास, चार ओमचा तीन-साडेतीन. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून आधी बघून घ्या, स्वस्त मीटर तिथेच अर्धा ओम दाखवतो, तो वजा करायचा. आकडा एकच्याही खाली गेला तर ती जोडी शॉर्ट आहे. मीटरने काहीच दाखवलं नाही, नुसता डावीकडे १ राहिला, तर वायर कुठेतरी तुटलीय किंवा स्पीकर गेलाय.

आकडा बरोबर आला तरी तिथेच थांबू नका. मीटर लावलेला असतानाच वायर मधूनमधून हलवा, विशेषतः जिथे ती नव्या युनिटच्या मागे जाते तिथे. सुताराने फळी ठोकताना वायर दाबली गेली असेल, एखादा स्क्रू तिच्यातून गेला असेल, तर हलवल्यावर आकडा नाचतो. रंगाच्या वेळी फर्निचर सरकवताना पायाखाली वायर चिरडणं हेही नेहमीचं. अशी वायर सापडली तर जोड देत बसू नका. १६ गेजची नवीन वायर मीटरवर घ्या. स्पीकरच्या नावाखाली सोनेरी वेष्टनातली महाग वायर गळ्यात मारतात, तिची काही गरज नाही.

भावाला एक गोष्ट नक्की विचारा. जुन्या स्पीकरची एखादी जादा जोडी त्याने बेडरूमसाठी त्याच टर्मिनलवर जोडली आहे का? आठ ओमचे दोन स्पीकर एकाच टर्मिनलवर समांतर लावले की रिसीव्हरला चारच ओम दिसतात, करंट दुप्पट जातो. बऱ्याच घरगुती रिसीव्हरना हे फार वेळ झेपत नाही. आपल्या रिसीव्हरला किमान किती ओम चालतात ते मागच्या पत्र्यावर, टर्मिनलच्या आसपास छापलेलं असतं.

वायरी निर्दोष निघाल्या तर मग उष्णता. नवं टीव्ही युनिट म्हटलं की मला तो सनमायकाचा बंद कप्पा डोळ्यांपुढे येतो. मागे फळी, पुढे काच, वायरीपुरतं एक भोक, रिसीव्हरच्या वर सेट टॉप बॉक्स, त्याच्यावर वायफायचा डबा आणि सगळ्यांवर विणलेला रुमाल. रिसीव्हरच्या झाकणावरच्या जाळ्या हवा बाहेर जायला असतात. भिंतीतून घेतलेल्या विजेचा मोठा भाग या यंत्रात उष्णता होऊनच बाहेर पडतो. त्याला वर निदान वीतभर मोकळी जागा लागते आणि मागची बाजू उघडी लागते. खर्च न करता याची परीक्षा करता येते. रिसीव्हर कप्प्यातून काढून आठवडाभर युनिटच्या वर किंवा एखाद्या स्टुलावर उघडा ठेवा. वर काहीही ठेवायचं नाही. आठवडाभर बंद पडला नाही, तर दोष कप्प्याचा. मग सुताराकडून मागची फळी कापून घ्या, आणि लॅपटॉपखाली ठेवायचा यूएसबीवर चालणारा छोटा पंखा वरच्या जाळीवर ठेवा, हवा वर खेचेल अशा दिशेने. जाळीतली धूळ बाहेरूनच मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा.

झाकण मात्र उघडू नका. बाबांनाही उघडू देऊ नका, हात सरावाचा असला तरी. आतले मोठे कंडेन्सर, म्हणजे विजेचा साठा करणारे पार्ट, प्लग काढल्यावरही बराच वेळ भरलेले राहतात, आणि नजर कमी असताना ती जोखीम घ्यायची गरज नाही. आणखी एक: आपल्या भागात पाली आणि झुरळं ऊब शोधत जाळीतून आत जातात. आतून जळका वास आला किंवा फ्यूज पुन्हापुन्हा उडायला लागला तर रिसीव्हर लावूच नका, आणि जास्त अँपिअरचा फ्यूज घालून तर मुळीच नका.

आता तो डावा स्पीकर. हळू आवाजात मुका आणि आवाज वाढवला की चालू, हे लक्षण इतकं ठरलेलं आहे की मी न बघता रिलेवर बोट ठेवीन. तरी खात्री करून घ्या. रिसीव्हर बंद करून पुढच्या डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरी मागच्या टर्मिनलवर एकमेकांच्या जागी लावा. आता उजवा स्पीकर मुका झाला, तर स्पीकर आणि वायर ठीक आहेत, दोष रिसीव्हरच्या डाव्या आउटपुटचा आहे. डावाच मुका राहिला, तर स्पीकर किंवा त्याची वायर तपासा. ही अदलाबदल फुकट आहे, आणि कुठल्याही दुकानात जाण्याआधी ती केलेली असलीच पाहिजे.

रिलेचं असं होतं की आतल्या दोन संपर्कांवर वर्षानुवर्षांत काळी पुटं चढतात. हळू आवाजाचा इवलासा सिग्नल त्या पुटातून पार होत नाही. आवाज वाढवला की व्होल्टेज वाढतं, ते पुट फोडून जातं आणि मग कमी केल्यावरही काही वेळ वाजत राहतं. तुमच्या रिसीव्हरवर पुढच्या स्पीकरसाठी ‘स्पीकर ए’ आणि ‘स्पीकर बी’ अशी बटणं असतील तर आवाज शून्यावर आणून ‘ए’ पाच-सहा वेळा बंद-चालू करा. त्याने आवाज परत आला तर रिले पक्का समजा. आणि ‘बी’ची टर्मिनल रिकामी असतील तर दोन्ही स्पीकर तिकडे लावून ‘बी’ चालू करून बघा. बऱ्याचदा ‘बी’चा रिले वेगळा असतो आणि कधी वापरलेलाच नसतो.

‘बी’ नसेल तरी वाट आहे, आणि ही तुमच्यासाठी खास, कारण तुमचा रिसीव्हर सात चॅनलचा आणि स्पीकर पाचच. म्हणजे ‘सराउंड बॅक’ नावाची दोन चॅनल १० वर्षं रिकामी बसली आहेत. रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर सेटअपमध्ये ‘ॲम्प असाइन’ असा पर्याय बघा. त्यात ‘बाय-ॲम्प’ मिळालं तर ते निवडा. त्यानंतर सराउंड बॅकच्या टर्मिनलवर पुढच्या डाव्या-उजव्याचाच आवाज येतो. मग पुढच्या दोन्ही स्पीकरच्या वायरी जुन्या टर्मिनलवरून पूर्ण काढा आणि या नव्या टर्मिनलवर लावा. दोन्ही काढा म्हणजे पूर्ण काढा. एकाच स्पीकरला दोन्हीकडची वायर लावली तर दोन ॲम्प्लिफायर एकमेकांवर चालतील आणि दोन्ही जाऊ शकतात. एवढं जपलं तर वर्षभर मुका असलेला डावा स्पीकर त्याच संध्याकाळी वाजेल, शून्य रुपयांत. असा पर्याय सगळ्याच मॉडेलमध्ये नसतो. कंपनीच्या साइटवर मॉडेल क्रमांक टाकून मॅन्युअलची पीडीएफ उतरवून घ्या, तिथे लगेच कळेल.

ही वाट नसेल तर रिले बदलून घ्यायचा. पार्ट फार स्वस्त असतो, मजुरीच काय ती. मेकॅनिक ‘पॉलिश पेपर मारून देतो’ म्हणाला तर नाही म्हणा. घासल्यावर संपर्कावरचा मुलामा निघून जातो आणि काही महिन्यांत तेच रडगाणं सुरू होतं. त्याच कॉइल व्होल्टेजचा नवीन रिले घाला, एवढंच सांगा.

एचडीएमआयचं मी लवकर आटोपतो, कारण त्यावर खर्च करूच नये असं माझं मत आहे. टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि रिसीव्हर तिन्हींचे प्लग काढून दहा मिनिटं ठेवा, मग आधी टीव्ही आणि नंतर बाकीचे चालू करा. एचडीएमआय केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे पाठवणाऱ्या) पोर्टमध्येच आहे ना ते बघा. रंगकामानंतर ती भलत्या पोर्टमध्ये गेलेली असू शकते. दुसरी केबल लावून बघा, शेजाऱ्यांकडून तासभर मागून आणली तरी चालेल. तरीही आवाज तुटला, तर एचडीएमआयचा नाद सोडा. सेट टॉप बॉक्स आणि बाकी सगळं थेट टीव्हीला लावा, आणि टीव्हीच्या मागच्या ऑप्टिकल आउटमधून दोन-तीनशे रुपयांची ऑप्टिकल केबल रिसीव्हरच्या ऑप्टिकल इनला जोडा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचं आउटपुट ऑप्टिकल करा आणि फॉरमॅट डॉल्बी डिजिटल किंवा ऑटो ठेवा. आवाज आलाच नाही तर पीसीएम करून बघा, त्यात दोनच चॅनल येतील पण काम चालेल. डॉल्बी डिजिटलचे पाच स्पीकर आणि सबवूफर ऑप्टिकलवरून व्यवस्थित चालतात. ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार) आणि ब्लू-रेचा न दाबलेला आवाज तेवढा जात नाही. बातम्या, क्रिकेट, मालिका, यूट्यूबवरचे जुने प्रयोग यांत तुम्हाला काडीचाही फरक जाणवणार नाही.

आणि बाबांच्या नाट्यपदांसाठी तर टीव्हीही नको. मोबाइलमधून रिसीव्हरच्या मागच्या लाल-पांढऱ्या ‘सीडी’ इनपुटला साधी केबल लावा आणि मोड ‘डायरेक्ट’ करा. हा आवाज एचडीएमआयच्या वाटेने जातच नाही. असा तासभर स्वच्छ वाजला तर तुमचा ॲम्प्लिफायर ठणठणीत असल्याचा तो पुरावाच समजा. मोबाइलची केबल मिळेपर्यंत रिसीव्हरचाच रेडिओ लावून १०७.१ वर एफएम रेनबो ऐकलं तरी बरीच कल्पना येते.

एवढं सगळं करून समजा मेकॅनिकची गरज पडलीच, तर टीव्ही-मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे नेऊ नका. मंडळांचे आणि बँडवाल्यांचे साउंड ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस शोधा. ठाण्यात, कोपरखैरणेत, वाशीत कुठल्याही मंडपवाल्याला किंवा साउंडवाल्याला विचारलंत तर तो आपला माणूस सांगतो. रिले, आउटपुट, कंडेन्सर हे त्यांचं रोजचं काम. गणपतीपासून नवरात्रापर्यंत त्यांना मान वर करायला फुरसत नसते, म्हणून दसरा उलटल्यावर जा. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराचं नाव तुम्हाला सगळे सांगतील, आणि पार्टसाठी ते खरंही आहे. पण दहा किलोच्या आसपासचं धूड घेऊन घणसोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, हे करू नका. विशिष्ट रिले किंवा ट्रान्झिस्टर लागलाच तर तेवढा पार्ट कुणी तरी आणू दे. तोही जायच्या आधी फोन करून, आणि रविवार सोडून.

रिसीव्हर देताना तपासणीचे पैसे आधी ठरवा. मॉडेल आणि सीरियल क्रमांकाचा फोटो काढा, पावतीवर तो क्रमांक लिहून घ्या. अमुक रकमेच्या वर जात असेल तर आधी फोन करा, असं स्पष्ट सांगा. तुमच्या बाबतीत मी दोन हजार सांगेन. दोन प्रश्न जरूर विचारा. पहिला, सिरीज दिव्यावर चालू करून बघितलं का? विजेच्या वाटेत बल्ब लावून यंत्र चालू केलं की आत शॉर्ट असला तरी पुढचं जळत नाही. काळजीने काम करणारा माणूस तसंच करतो. दुसरा, स्पीकर आउटपुटवर डीसी (एकाच दिशेचं, स्पीकरला घातक व्होल्टेज) किती येतोय? चांगल्या ॲम्प्लिफायरमध्ये तो काही मिलिव्होल्ट, फार तर पाच-पन्नास, एवढाच असतो. उत्तर टाळणाऱ्याकडे काम देऊ नका. काढलेले जुने पार्ट परत मागा. ट्रान्झिस्टर बदलायची वेळ आलीच तर दुकानाचं नाव विचारा, कारण बाजारात नकली माल भरपूर आहे आणि तो पहिल्याच मोठ्या आवाजाला जातो. झाकण उघडलेलंच आहे तर स्टँडबाय सप्लायवरचे छोटे कंडेन्सर १०५ डिग्रीचे घालून द्या म्हणावं. १० वर्षं उष्णतेत राहिलेले कंडेन्सर आतून सुकतात, आणि दहा डिग्री तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. त्याचा खर्च फारच थोडा.

आता पैशांचं. मीटर, थोडी वायर, ऑप्टिकल केबल आणि पंखा मिळून हजार-बाराशे. रिले बदलावा लागला तर त्याच्या वर मजुरी. पाच हजारांतले निम्मे तरी तुमच्याकडे राहावेत असा माझा अंदाज आहे. साउंडबारबद्दल एवढंच सांगतो: पाच हजारांत मिळणाऱ्या साउंडबारमध्ये बाबांच्या पुढच्या दोन स्पीकरसारखा गळा नसतो. चांगले स्पीकर रिसीव्हरपेक्षा कितीतरी जास्त जगतात. स्पीकरच्या पडद्याभोवतीची कड फोमची असेल तर दमटपणाने कुजते, रबराची असेल तर टिकते. बोटाने हलकेच दाबून बघा.

रिसीव्हर वाचलाच नाही, ट्रान्सफॉर्मर जळाला किंवा आउटपुटची दुरुस्ती तीन-साडेतीन हजारांच्या पुढे गेली, तर तो तिथेच सोडा. त्या पैशांत वापरलेला साधा रिसीव्हर बघा. ज्यांना एचडीएमआय नाही किंवा जुनं आहे असे रिसीव्हर कुणाला नको असतात, म्हणून स्वस्त सुटतात. तुम्हाला तर ऑप्टिकल इन असला की पुरे. घ्यायला जाताना आपला मोबाइल, आपली केबल आणि एक छोटा स्पीकर घेऊन जा. प्रत्येक चॅनलवर तो स्पीकर लावून हळू आवाजात ऐका, आणि अर्धा तास चालू ठेवायला सांगा. विकणारा अर्धा तास द्यायला तयार नसेल तर उठून या. बंद पडलेला तुमचा रिसीव्हर भंगारवाल्याला किलोवर देऊ नका, त्याच साउंड मेकॅनिकला पार्टसाठी विचारा. ट्रान्सफॉर्मर आणि रिमोट चांगले असतील तर चार पैसे मिळतात.

बाबांना सांगा, विकायचं नंतर बघू, आधी मीटर धरा. रविवारी पाचही स्पीकरचे ओमचे आकडे, डाव्या-उजव्याच्या अदलाबदलीत काय झालं ते, आणि मागच्या पत्र्यावरचा मॉडेल क्रमांक एवढं मला लिहून पाठवा. तुमच्या मॉडेलमध्ये बाय-ॲम्पचा पर्याय आहे की नाही आणि तो मेनूत कुठे सापडेल, ते मी मॅन्युअल बघून कळवतो.